सरांची टाच

"दुखलं तं सांगू नका. सामनेवाल्याले समजलं का तो तिथंच धरते."

बडनेऱ्याच्या मैदानावर आमचे कबड्डीचे सर हे रोज सांगत. तुमच्याही शाळेत असे एखादे सर असतील. आमच्या सरांचा गुडघा फुटला तरी तोंडातली शिट्टी निघत नसे. मग आम्ही पोरीही लंगडत घरी निघालो, की गल्लीच्या तोंडाशी चाल सरळ करायला शिकलो.

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले, राजापेठेत दवाखाना काढला. एक दिवस सर दारात उभे. टाचेमागची जाड शीर कित्येक महिने सुजलेली. खुर्चीत बसून पकड शिकवता येत नाही, एवढंच म्हणाले. मैदान सुटलं तर हा माणूस खचेल, हे मला दिसत होतं.

शॉकवेव्हचं यंत्र दुखऱ्या शिरेवर भराभर ठोके देतं. ठोके नेमके कुठे आणि किती जोरात द्यायचे, ते पेशंटच्या सांगण्यावरून ठरवावं लागतं. आणि सर छताकडे बघत म्हणायचे, "काई नाई." यंत्र भलतीकडे लावलं तरी काई नाई, जागेवर लावलं तरी काई नाई. शेजारच्या पलंगावरचे काका त्यांच्या सहनशक्तीवर खूश, आणि मी मात्र रडकुंडीला आलेली. सुरुवातीचे ठोके असेच वाया गेले.

शेवटी मी यंत्र बंद केलं.

"सर, तुमच्या टीमची लेफ्ट कॉर्नर होती मी. सामनेवाली कवापासून झाली?"

सरांनी छतावरची नजर खाली आणली. मग वाकून बोटाने जागा दाखवली आणि हळू आवाजात म्हणाले, "इथं. लय दुखते पोरी."

शाळेत जिंकलेल्या कुठल्याही ढालीपेक्षा मला ते मोठं वाटलं.

हळूहळू टाच बरी होत आली. सांगितलेले व्यायाम सरांनी मैदानाच्याच शिस्तीने केले. बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ते बजावत, की ही माझी लेफ्ट कॉर्नर आहे, हिच्यापासून काही लपवू नका. आत मी ऐकायचे आणि अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता सर दवाखान्यात येत नाहीत. परवा बडनेऱ्याला गेले तेव्हा मुद्दाम मैदानावरून गाडी नेली. सरांच्या खुर्चीवर पोरींच्या बॅगा पडल्या होत्या. सर मैदानाच्या मधोमध एका पोरीसमोर उकिडवे बसले होते. ती खांदा धरून काही नाही, काही नाही म्हणत होती.

"मले सांग," सर म्हणाले. "मी का सामनेवाला आहो?"