हार कोनासाठी?

आमच्या सिंधूताई हार विकतात, पण त्यांच्याकडून हार घेणं म्हणजे उलटतपासणीच. गिऱ्हाईक टपरीसमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न, "हार कोनासाठी?" नवरदेवाचा वेगळा, देवाचा वेगळा, नव्या गाडीचा वेगळा आणि मेलेल्या माणसाच्या फोटोचा वेगळा. कुणी म्हणालं, द्या कोणताही, तर त्या सरळ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. खामगावात त्यांच्या शेजारीच माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. माझंही तोंड काही कमी नाही, पण या बाईपुढे मी गप्प बसते.

एवढी बोलघेवडी बाई एका नावावर मात्र मुकी व्हायची. रुखमाबाई, त्यांची धाकटी बहीण, चिखलीला दिलेली. तिच्या लेकीचं, प्रेरणाचं, लग्न निघालं, तेव्हा सख्ख्या मोठ्या बहिणीकडे अक्षता घेऊन यायचं सोडून तिनं मोबाईलवर पत्रिका पाठवली. सिंधूताईंनी मनाला लावून घेतलं आणि लग्नाला गेल्याच नाहीत. तिकडे रुखमाबाई मांडवात वाट बघत राहिल्या, त्यांनीही मनाला लावून घेतलं. प्रेरणाचं पोर आता शाळेत जातं, तरी दोघींचं बोलणं बंद. आधी कोणी जायचं, एवढंच अडलेलं. त्यात सिंधूताईंची शुगर वाढलेली. एका दुपारी फुलं ओवता ओवता त्या म्हणाल्या, "पुष्पांजली, मले आता भेव वाटते. असंच मरून जाईन अन् तिचं तोंड पाहाले भेटनार नाही." मग जा ना, म्हटलं, तर माझ्यावरच डाफरल्या.

अशात शिवमचं खूळ निघालं. शिवम गावातलाच, चित्रकला शिकून आलेला. त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतींवर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत मोठमोठी चित्रं काढली आहेत. रविवारी तो लोकांना हिंडवून ती दाखवतो, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात स्प्रेचा डबा देऊन रंगवायलाही शिकवतो. फेरी आमच्या टपऱ्यांपासूनच निघते, म्हणून आम्हा दोघींना त्यानं गळच घातली. आवडत्या माणसाचा फोटो आधी द्या, त्यावरून मी पुठ्ठ्याचा छाप कापून ठेवतो, तो भिंतीला लावून वरून रंग फवारायचा, म्हणाला. मी माझ्या सासूचा दिला. म्हटलं, एकदा तरी तिच्या तोंडावर काहीतरी फवारायला मिळेल.

सिंधूताईंनी फुलांच्या डब्यातून, दोऱ्याच्या रिळांखालून एक जुना फोटो काढला. दोघी बहिणी लग्नाआधी शेगावला गेल्या होत्या, तेव्हा स्टुडिओत काढलेला. "यातली उजवी," एवढंच म्हणाल्या आणि फुलांवर पाणी मारायला लागल्या.

रविवारी आम्ही पंधरा-वीस जण निघालो. दोन मजली उंच कापसाचं बोंड, सायकलवरची दूधवाली, छपरावर चढलेली बकरी. सिंधूताई प्रत्येक चित्रापुढे चप्पल काढून हात जोडायच्या, बकरीपुढेसुद्धा. शिवम हसून म्हणाला की मावशी, हा काही देव नाही. त्या म्हणाल्या की कोणी एवढ्या मनानं काढलंय, तर हात जोडायला आपलं काय जातं. पोरगा लाजला.

शेवटी जिनिंगच्या मागच्या भिंतीपाशी तोंडाला मास्क बांधून आमची शाळा भरली. डबा खडखड हलवायचा, भिंतीपासून वीतभर लांब धरायचा आणि हात फिरता ठेवायचा, नाहीतर रंग ओघळतो. सिंधूताईंचा हात छापातल्या गालाशी आला आणि तिथंच थांबला. ओघळ आलाच. त्या पदरानं पुसायला धावल्या. "रडवलं मी हिले," म्हणाल्या.

पुठ्ठा काढला आणि भिंतीवर निळ्या रंगात तरुण रुखमाबाई उभ्या राहिल्या. नाकात नथनी, हनुवटी वर उचललेली, हट्टी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिंधूताईंनी पिशवीतून झेंडूचा हार काढला आणि वरच्या खिळ्याला अडकवून चित्राला घातला. त्यांची ती सवयच. माझं नवं शिलाई मशीन आलं तेव्हाही पहिला हार त्यांचाच होता. तेव्हा कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही. सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढला आणि स्टेटसला टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपकचा फोन. दीपक म्हणजे रुखमाबाईंचा मुलगा, त्याच्या बायकोचे ब्लाउज मीच शिवते. "काकू, माही माय तं घरात भाकरी करून राह्यली. तुम्ही तिच्या फोटोले हार काऊन घातला?"

अगं बाई गं! जुना फोटो आणि वर झेंडूचा हार. सांगू की नको करता करता दुपार झाली, मग सिंधूताईंना सांगितलं तर त्यांनी हातातली सुई खाली टाकली. जित्या बहिणीला आपल्याच हातानं हार घातला, आता ती जन्मात आपलं तोंड पाहणार नाही, असं म्हणून रडायला लागल्या. चला, निदान हार तरी काढून येऊ म्हणून मी त्यांना उठवत होते, तेवढ्यात चिखलीच्या बसमधून उतरलेल्या रुखमाबाई तरातरा आमच्याकडे येताना दिसल्या.

"जित्ती आहो मी," टपरीसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या. "जन्मभर हार इकले तू. कोनता हार कोनासाठी, हे तुले मालूम नाही?"

"मालूम आहे वं," सिंधूताई म्हणाल्या. "पन तुहं तोंड दिसलं, अन् मंग मले दुसरं काहीच दिसलं नाही. लय आठवन येते तुही."

रुखमाबाईंनी भांडणाची तयारी घरूनच करून आणली असणार, पण त्यांनी खोचलेला पदर सोडला. मीच त्यांचा हात धरून त्यांना भिंतीपाशी नेलं. सिंधूताई मागून येत होत्या, चोरासारख्या. रुखमाबाईंनी स्वतःला नीट न्याहाळलं. मग हळूच म्हणाल्या की मी एवढी देखणी होते होय. गालावरच्या त्या ओघळावरून त्यांनी बोट फिरवलं, हार काढला आणि रस्त्यावरच्या गाईला खायला दिला.

परत आल्यावर सिंधूताई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. रुखमाबाई बाहेरच उभ्या.

"एक हार दे," त्या म्हणाल्या.

सिंधूताईंच्या तोंडून सवयीनं निघालंच, "कोनासाठी?"

"माह्या बहिनीसाठी," रुखमाबाई म्हणाल्या. "जित्ती आहे."

त्यांनी स्वतःच टांगलेल्यातला गुलाबाचा हार काढला आणि सिंधूताईंच्या गळ्यात घातला. एवढे हार विकले त्या बाईनं, पण त्यांच्या गळ्यात हार मी पहिल्यांदाच पाहिला. संध्याकाळी चिखलीची शेवटची बस समोरून गेली, तेव्हा रुखमाबाई टपरीत बसून शेवंती निवडत होत्या.