लेनच्या गाडीतली अक्रोडाची फळी

लेन ॲस्क्यू आमच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं लाकूडखात्यात होता. बड्या लोकांच्या गाडीत समोर जी चकचकीत अक्रोडाची फळी असते ना, ती तो बनवायचा. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकासारखे उलगडून चिकटवायचे, म्हणजे डावीकडची रेघ उजवीकडे आरशात बघितल्यासारखी उमटते. या जोड्या निवडायची त्याची बायको विनी. ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

लाकूडखातं बंद करणार म्हणून आम्ही संप केला. मी युनियनची प्रतिनिधी. भोंगा माझ्या हातात, आणि जीभ त्याहून मोठी.

नवव्या आठवड्यात आम्ही फाटकावर पातळ सूप पीत उभे होतो, आणि लेन आला तो हिरव्या, लांबलचक गाडीतून. साहेब लोक ज्यात बसून आमच्या अंगावरून जायचे, तसलीच. जुनी होती, पण तेव्हा कोण बघतंय?

"वा रे वा! मालकांनी बक्षीस दिलं का रे, लेन?" मी भोंग्यातून ओरडले. "कुणाकुणाची नावं विकलीस?"

"मर्ल, ऐक तरी. कॅरव्हॅन विकून..."

"गद्दार!"

आमच्याकडे गद्दाराला कुणी मारत नाही, त्याच्याशी बोलणं बंद करतात. सगळं इंग्लंड याला 'कॉव्हेंट्रीला पाठवणं' म्हणतं. आम्ही राहतोच कॉव्हेंट्रीत, लेनला पाठवायला दुसरं गाव कुठून आणणार? त्याच्यासमोर कामगारांच्या क्लबातल्या माणसांची तोंडं मिटली. तो आला की डोमिनोच्या सोंगट्यासुद्धा हळू ठेवायचे. ठराव माझा होता.

दोन आठवड्यांनी तरसेमच्या गॅरेजात गेले, तर ती गाडी तिथे उभी. हीटर दुरुस्त करायला त्यानं समोरची फळी सोडवली होती.

"ताई, हे बघ," तरसेम म्हणाला. फळीच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं : वि. ॲ., खाली तारीख आणि एक बारीकसं फूल. "म्हातारा चार वर्षं ही एकच गाडी शोधत होता. नंबर लिहून ठेवला होता त्यानं. शेवटी सुट्टीत फिरायची कॅरव्हॅन विकून भंगाराच्या भावात घेतली. एवढं पेट्रोल पिणारं धूड घेतंय कोण?"

"बसून बघ ना," तरसेमच पुढे म्हणाला.

मी बसले. दार मिटलं आणि रस्ता गप्प झाला. कातड्याचा वास, पाठीला टेकलेली मऊ गादी. अशा गाड्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या मी, आणि खरं सांगते, उतरावंसं वाटेना. हे सगळं आमच्याच हातांचं होतं, आणि आमच्यातलं कुणी कधी आत बसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी क्लबात जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मर्ल चुकली म्हटलं की उद्या फाटकावर माझं कोण ऐकणार, असं स्वतःला समजावलं. संपासाठी, म्हणे! माझ्या नाकासाठी.

त्यानंतरचे बारा दिवस मी लेनला रोज क्लबात एकट्याला बसलेलं बघितलं.

तेराव्या दिवशी तो पायी आला. टोपी काढून मधोमध उभा राहिला.

"गाडी विकली," म्हणाला. "आता बोलेल का कुणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठले.

"लेननं कुणाचं नाव विकलं नव्हतं. त्या गाडीत विनीनं जुळवलेली फळी आहे. मला तेरा दिवसांपासून माहीत होतं." आवाज फाटला माझा, भोंगा नव्हता तरी. "लेन, निदान ती फळी तरी काढून घ्यायचीस रे!"

"काढून काय करू? गाडीला भगदाड पाडू?" तो म्हणाला. "विनीचं काम आहे ते, मर्ल. तिथेच शोभतं."

तीन जणांनी एकदम खुर्च्या सरकवल्या. लेन बसला. माझ्या टेबलाशी नाही.