मामाचा लागलेला एकच बाण

टाळ्या ऐकल्या की माझ्या चनबसप्पामामाचं डोकं ठिकाणावर राहत नसे. गिरणीच्या हपिसात कारकून होता, पण कुठं चार माणसं जमली की हा सगळ्यांच्या पुढं. माझ्या साखरपुड्यात कुणी सांगितलं नसताना भाषणाला उभा राहिला आणि नवऱ्यामुलाचं नाव चुकवलं. ते मी हसून सोडून दिलं. पण त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिरंदाजीच्या मैदानावर त्यानं जे केलं, त्यानंतर त्याच्या ताटात भाकरी वाढतानाही मला शिसारी यायची.

दुष्काळ दुसऱ्या वर्षात शिरला होता. अव्वाची, म्हणजे माझ्या आईची, एकच म्हैस, नुकती व्यालेली. वडील गेल्यापासून आमची चूल तिच्याच दुधावर पेटायची. शेजारचा इसूफ हातगाडीवरून म्हशीला चारायला उसाचं वाढं आणून द्यायचा, तेही बंद झालं. तरी बोळात त्याच्या गाडीची चाकं खडखडली की म्हैस दाव्याला ओढ देऊन रेकायची. गाडीत दुसऱ्याच कुणाचं सामान असायचं.

अशात मामा सांगत आला, "अक्का, रविवारी आमच्या क्लबाची स्पर्धा हाय. निशाणं कडब्याची बांधल्यात. अध्यक्षांच्या मंगळवेढ्याच्या रानातला कडबा. संपली की समदा तुला. मी शब्द घेतलाय त्यांचा."

रविवारी आम्ही दोघी इसूफला गाडीसकट घेऊन गेलो. गावोगाव जनावरं हाडं दाखवत हिंडत होती आणि इथं माणूसभर उंचीच्या पेंड्या रचून त्यांवर रंगीत गोलांचे कागद चिकटवले होते. अव्वानं जवळ जाऊन एक पात ओढली, हुंगली, चावून बघितली. "गोड हाय," म्हणाली. दिवसभर ती नेमबाजांकडं नव्हे, कडब्याकडंच बघत बसली.

मामा पांढरी पँट, कपाळाला विभूती, मनगटाला चामड्याचा पट्टा अशा थाटात. त्याचा पहिला बाण मातीत गेला. पुढचा मंडपाच्या कापडात. एक तेवढा कडब्यात घुसला, तोही कागदाच्या बाहेर. दर वेळी तो म्हणायचा, वाऱ्यामुळं गेला. मैदानावर पानही हलत नव्हतं.

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधला सोमलिंग म्हणून एकजण जिंकला आणि कप घेऊन गाडी गाठायला निघूनही गेला. इसूफनं हातगाडी निशाणाकडं वळवली. तेवढ्यात प्रमुख पाहुणे उगवले, जेवून, दात कोरत. "आमाला काहीच दाखवणार न्हाई व्हय?" म्हणाले. अध्यक्ष लगेच लाचार हसले आणि माईकवरून जाहीर केलं की आता जळता बाण मारून निशाण पेटवलं जाईल. कडबा त्यांचाच होता खरा, पण शब्दही त्यांनीच दिला होता. दात कोरणाऱ्या माणसाच्या घटकाभर करमणुकीसाठी तो मोडायला त्यांना काही वाटलं नाही.

बाण कोण मारणार, असं विचारलं. मग एक हात वर आला, चामड्याच्या पट्ट्याचा.

अव्वा धावत त्याच्यापाशी गेली. "चनबसा, माझी म्हैस मरंल रे."

मामा हळूच म्हणाला, "म्हणून तर हात वर केला, अक्का. दुसऱ्या कुणी मारला तर लागंल की. माझा कवा लागलाय?"

अव्वाचा जीव भांड्यात पडला. आणि खोटं कशाला सांगू, त्या घडीला मामा मला फार आवडला. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस चारचौघांत हसं करून घ्यायला तयार झाला होता, तेही बहिणीसाठी.

बाणाला चिंधी गुंडाळली, रॉकेल ओतलं, काडी लावली. माईकवर आवाज घुमला, "आपल्या सोलापूरचे निष्णात धनुर्धर!" टाळ्या पडल्या. मामाची मान ताठ झाली. दिवसभरात केलं नव्हतं ते त्यानं केलं: पाय नीट रोवले, एक डोळा मिटला, श्वास धरला.

बाण बरोबर मधल्या गोलात बसला. उन्हानं वाळलेला कडबा, बघता बघता सगळीच निशाणं भडकली. पाहुण्यांनी काडी दातांत धरून टाळ्या वाजवल्या. मामा दोन्ही बाजूंना वाकून नमस्कार करत होता.

मग आमच्याकडं आला, घामानं निथळत, तोंडावर हसू मावत नव्हतं. "चुकवायलाच गेलो होतो, अक्का. पण बघितलीस न्हवं? बरोब्बर मधी."

माझ्या तोंडात थुंकी जमली. मामा होता म्हणून गिळली. अव्वानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती इसूफच्या गाडीमागं चालू लागली.

रिकामी गाडी जास्तच खडखडत होती. आमच्या बोळाच्या तोंडाशी आलो, तशी अव्वानं पुढं होऊन गाडीची दांडी धरली.

"इसूफ, हितंच लाव," ती म्हणाली. "आत आणू नको. तिला चाकांचा आवाज कळतोय."