पाटीवरचं पाणी

माझ्या पाटीवर पाणी पडलं तेव्हा मी शाळेच्या ओट्याच्या कडेला उभा होतो. हात मागे बांधलेले. शिंतोडे नव्हते ते. तांब्यातून चांगली धार पडत होती. ओतणारा पाटलाचा मुलगा, आमच्या वर्गाचा मॉनिटर. पाटी खाली फरशीवर. तिच्यावर मी नुकतंच लिहिलेलं शुद्धलेखन. अक्षरं आधी ओली होऊन दिसेनाशी झाली, मग पाण्याबरोबर फरशीवर उतरली.

मॉनिटरनं पाटी दोन बोटांत धरून उचलली, झटकली आणि आत नेऊन डिप्टी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

डिप्टी म्हणजे शाळा तपासणारा सरकारी अंमलदार. वर्षातून एकदा यायचा. चौथीची परीक्षा तोच घ्यायचा. तो म्हणेल तो पास आणि तो म्हणेल ती शाळा चांगली.

साहेबांनी पाटी पाहिली. उलटी करून पाहिली.

"कोरी," ते म्हणाले.

दुसरी पाटी घेतली. तीही कोरी. आम्ही पाच महारांची पोरं होतो, पाचही पाट्या कोऱ्या. साहेब गुरुजींकडे पाहून हसले.

"ही मुलं शाळेत सावलीला येतात का हो?"

वर्ग हसला. गुरुजीही हसले. मी गुरुजींच्या तोंडाकडे पाहत होतो. मला वाटलं, आता हसून झालं की सांगतील. साहेब, पाणी पडलं म्हणून पुसलं गेलं. एवढं एक वाक्य. पाणी ओतलं जात होतं तेव्हा ते दारातच उभे होते. माझी अक्षरं जाताना त्यांनी पाहिली होती, आणि माझं त्यांच्याकडे लक्ष आहे हेही पाहिलं होतं.

त्यांनी सांगितलं नाही. पानाचा डबा साहेबांपुढे सरकवला.

आता हे पाणी कशासाठी, ते सांगतो. आमच्या हातची वस्तू बाटलेली. तिच्यावर पाणी पडलं की ती शुद्ध. एरवी शाळेत आमच्या पाटीला कोणी हातच लावत नसे, त्यामुळे पाण्याची गरज पडत नव्हती. आम्ही बसायचो वर्गाबाहेर ओट्यावर. तिथून पाटी वर धरायची, गुरुजी आतून पाहायचे, चूक असेल तिथे छडीचं टोक दाखवायचे. खालच्या वर्गांची परीक्षा ते तोंडीच घेत. चौथीला मात्र पाटी साहेबांच्या टेबलावर जायची. साहेब ब्राह्मण. त्यांच्या हातात महाराची पाटी तशीच कशी द्यायची? म्हणून तांब्या. आणि साहेबांसाठी आहे म्हणून पाण्याला हात आखडता घेतला नाही कोणी.

पाटीवर पाणी टाकलं की लिहिलेलं जातं, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तिथे सगळे शिकलेले बसले होते. कोणाच्या डोक्यात हे आलं नाही, असं मी मानायचं? मी मानत नाही.

त्याच दिवशी साहेबांनी शेरा दिला, शाळा उत्तम आहे. मॉनिटरनं तो आम्हाला ओट्यावर येऊन ऐकवला. आम्ही तेव्हा फरशी पुसत होतो.

आमचं गाव दर्यापूरच्या बाजूचं. शाळा लोकल बोर्डाची, दगडी, समोर कडुनिंब. आजूबाजूच्या गावचे लोक आपली पोरं नातेवाइकांकडे ठेवून आमच्या शाळेत घालायचे, इतकं तिचं नाव. गुरुजींचा तर तालुक्यात बोलबाला. कविता चालीवर म्हणून घ्यायचे, पाढे तोंडपाठ करून घ्यायचे, पोरं आजारी पडली तर घरी जाऊन विचारपूस करायचे. आमच्या घरी सोडून. ते मारकुटे नव्हते, हे मुद्दाम सांगतो. मारकुट्या मास्तराचा राग येणं सोपं असतं. हा माणूस चांगला होता. म्हणूनच माझा राग अजून जात नाही.

तपासणीच्या आधी आठवडाभर शाळा सजायची. ती सजवायची कोणी? माझ्या मायनं. वेठीला. भिंतींना चुना तिनं दिला, अंगण तिनं सारवलं. वर्गाच्या आतली भिंत रंगवायला ती आत गेली होती, तेव्हा वर्ग बाटला नाही. चुना वाळला आणि बाटू लागला.

आणि बाप. बापाकडे गावकीचं काम. साहेब सडकेवर मोटारीतून उतरले. पुढे त्यांना आणायला पाटलाची बैलांची दमणी गेली, आणि सामान आलं माझ्या बापाच्या डोक्यावरून. ट्रंक आणि वळकटी. बापाचा घाम त्या वळकटीत मुरला असेल. तिच्यावर कोणी तांब्या ओतला नाही. साहेब रात्री चावडीत तिच्यावरच झोपले.

हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी घरी गेलो आणि रडलो. कारण त्या पाटीवर माझं बरंच काही होतं. अमरावतीला आमच्या समाजाच्या लोकांनी पोरांसाठी एक बोर्डिंग काढलं होतं. तिथला एक माणूस जत्रेत बापाला भेटला होता. "पोरगा चौथी पास करून आना, मंग आमी पायतो," असं म्हणाला होता. बाप तेव्हापासून मला ढोरांमागे धाडत नव्हता. स्वतः जास्तीचं राबत होता.

बाप गुरुजींकडे गेला. अंगणात उभा राहिला. मी त्याच्या मागे.

"गुरुजी, पोट्ट्यानं लिवलं व्हतं. पान्यानं मिटलं."

गुरुजी म्हणाले, "माहीत आहे रे. पण साहेबांना मध्येच कसं बोलायचं? आता पुढच्या वर्षी बसव."

माहीत आहे. असं म्हणाले ते. शांतपणे म्हणाले. वर, "पोराला सांभाळ, हुशार आहे," असंही म्हणाले. बापानं त्यांना वाकून जोहार घातला आणि आम्ही परत आलो. मला त्या जोहाराची फार चीड आली. वाटभर मी बापाच्या पुढे चाललो.

आमच्यातला सोमा माझ्यापेक्षा चांगलं लिहायचा. त्याचं अक्षर सुतासारखं सरळ. तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. त्याच्या बापानं त्याला कपाशीच्या रखवालीला लावलं. मी बोलवायला गेलो तर मचाणावरून म्हणाला, "काहून येऊ? पुना पानीच टाकतीन ना." बाकीचे तिघेही गळाले. मी एकटा उरलो. वर्षभर त्या ओट्यावर एकटा बसलो, तेच धडे पुन्हा ऐकत. आतली पोरं मला "कोरी पाटी" म्हणून हाक मारायची. शाळेत, रस्त्यात, मळ्यात. मळेवाल्याची म्हातारी भाजी तोडता तोडता हसून विचारायची, "काहून रे कोऱ्या, यंदा तरी लिवशीन का?" तिला वाटायचं, ती माझी गंमत करून राहिली.

गंमत मी वर्षभर गिळली. पण गिळता गिळता विचार करू लागलो. मायचा चुना आठवला. बापाच्या डोक्यावरची वळकटी आठवली. तोवर मला वाटत होतं, आपल्यातच काहीतरी घाण आहे आणि ती पाण्यानं जाते. मग कळलं, घाण गरजेपुरती असते. राबवून घ्यायच्या वेळी ती नसते, पास करायच्या वेळी ती येते. हे कळलं त्या रात्री मी बापाला सांगितलं.

"बा, मी यंदा पाटी खाली ठेवनार नाई."

माय म्हणाली, "हात तोडतीन तुहे."

"तोडू दे."

बाप म्हणाला, "पोट्ट्याले बोलू नोको काई." एवढंच. पण तो मायला म्हणाला, मला नाही.

तपासणी आली. तेच साहेब. पुन्हा बापाच्या डोक्यावरून वळकटी आली, पुन्हा मायनं भिंती पांढऱ्या केल्या. साहेबांनी शुद्धलेखन सांगितलं. मी ओट्यावर बसून लिहिलं. लिहून झाल्यावर आतल्या पोरांनी आपापल्या पाट्या टेबलावर नेऊन ठेवल्या. मॉनिटर तांब्या घेऊन बाहेर आला. तोही नापास होऊन पुन्हा चौथीतच होता. त्याची पाटी मागच्या वर्षी कोरडी होती, तरी तो नापास झाला होता. त्याला कोणी कोरा म्हणत नव्हतं.

"ठेव खाली," तो म्हणाला.

मी पाटी छातीशी धरली. अक्षरं बाहेरच्या बाजूला.

"नाई ठेवत."

"काय म्हनला?"

"नाई ठेवत. पान्यानं मिटते."

गुरुजी दारात आले. त्यांचा चेहरा घाबरलेला होता. मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"ठेव रे बाळा," ते म्हणाले. बाळा म्हणाले.

"गुरुजी, साहेबानं इथून वाचावं. मी धरतो."

आतून साहेबांनी विचारलं, काय गडबड आहे. मीच मोठ्यानं बोललो.

"साहेब, तुमची वळकटी माह्या बापानं डोक्यावर आनली. तिच्यावर पानी टाकलं का?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले, उंबरठ्यापर्यंत आले, उंबरठ्याच्या आत पाय ठेवून मान पुढे काढली आणि माझी पाटी वाचली. त्यांना वाचताना मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पास." आणि गुरुजींकडे वळून, "पण याला वळण नाही. हे तुमच्या शाळेला शोभत नाही."

साहेब जागेवर बसले आणि गुरुजींची छडी माझ्या पिंढरीवर येऊन लागली. फेकून मारली होती. हातात धरून मारायची तर जवळ यावं लागलं असतं. पुन्हा कधी ते मला बाळा म्हणाले नाहीत.

संध्याकाळी बापाला चावडीवर बोलावलं. पाटील म्हणाले, पोट्ट्याले नाक घासून माफी मागाले लाव. बाप हात जोडून उभा होता. त्यानं हात सोडले.

"कायची माफी, पाटील? पोट्टा काय खोटं बोलला?"

बापाला मी आयुष्यात असं बोलताना तेव्हाच ऐकलं. त्या वाक्याची किंमत आम्ही मोजली. बापाचं काम गेलं, मायला कोणी शेतात येऊ देईना, दुकानदार मीठ देईना. पेरणीच्या आधी आम्ही गाव सोडलं आणि अमरावतीला आलो. बाप जिनात कापसाच्या गाठी उचलू लागला, मी बोर्डिंगात गेलो. त्यानं पुन्हा कोणाला जोहार घातला नाही. छातीत कापूस बसून लवकर मेला.

मी शिकलो. आज अकोल्याला मास्तर आहे.

मागच्या आठवड्यात तो मॉनिटर माझ्या शाळेत आला. आता तोच गावचा पाटील. कापूस विकायला आला होता. खुर्चीवर बसला, सगळीकडे पाहिलं. मी चहा मागवला तर म्हणाला, आताच झाला. मग कामाचं बोलला. गुरुजी रिटायर होऊन राहिले, गावात मोठा सत्कार आहे, मंडप आहे, आताचे डिप्टी येणार आहेत.

"तू ये अन् दोन शब्द बोल. आपली शाळा कशी व्हती ते सांग. तुमच्यातला पोट्टा मास्तर झाला, हे लोकाइले दिसलं पायजे. शाळेचंच नाव हाय ना."

म्हणजे मी त्यांचा पुरावा. शाळा किती चांगली, तर हा बघा, हाही इथंच शिकला. माझ्या अंगाची आग झाली.

"पान्याचं तुले आठवते का?" मी विचारलं.

"कोनतं पानी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. तांब्या त्याच्या हातात होता आणि त्याला आठवत नव्हतं.

मी म्हणालो, "येतो."

मी जाणार आहे. सोमाला निरोप धाडला आहे. तो अजून तिथेच दुसऱ्याच्या शेतात राबतो, सही करतो तेव्हा मात्र त्याचं अक्षर तसंच सरळ येतं. तो माझ्यासोबत मंडपात पुढे बसेल. उठवायचं असेल तर दोघांना उठवावं लागेल. मी फुलांचा हार नेणार नाही. पाटी नेणार आहे. डिप्टी साहेबांसमोर, गावासमोर तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहीन, शाळा उत्तम आहे. त्या दिवशीच्या साहेबांचाच शेरा. सगळ्यांना वाचू देईन. मग सोमा तांब्या उचलेल आणि पाणी ओतेल, चांगल्या धारेनं, हात आखडता न घेता.

मग ती पाटी मी गुरुजींच्या हातात देईन, आणि म्हणेन, वाचा.