देठ खुडणाऱ्या बोटांसाठी

हिवाळा लागला की नंदुरबारच्या पथारींवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानांवर, नजर पोहोचेल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि पदरानं नाक-तोंड बांधलेल्या बाया दिवसभर तिचे देठ खुडत बसतात. त्यांना कामावर नेणारा टेम्पो रोज ममताच्या दारावरून जायचा.

ममताचा हात शिवणकामात चांगला बसलेला. लग्नानंतर तिनं हौसेनं कापडाचा गठ्ठा आणून पिशव्या शिवल्या होत्या. बघेल तो नावाजायचा, विकत मात्र कोणी घेईना. शेवटी त्या नात्यागोत्यात वाटून संपवाव्या लागल्या. तिचा नवरा हेमकांत कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. त्यानं त्यावरून तिला कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्यामुळे मिरचीवाल्या बायांसाठी हातमोजे शिवावेत असं तिच्या मनात आलं आणि हेमकांत आपणहून नवं मशीन घेऊ म्हणाला, तेव्हा तिनंच त्याला थांबवलं. आधी घेणारं कुणी आहे का, ते बघू दे, म्हणाली.

माहेराहून आणलेल्या जुन्या हातमशीनवर तिनं मांजरपाटाचे थोडे जोड शिवले आणि पथारीवर नेऊन वाटले. बायांनी ते उलटेपालटे करून पाहिले, टाक्यांचं कौतुक केलं आणि डब्याच्या पिशवीत जपून ठेवले. पुन्हा गेली तेव्हा एकीच्याही हातात मोजा नव्हता. ममताला पिशव्या आठवल्या.

तिचा चेहरा पाहून दगूबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईनं सरकून जागा केली. म्हणाली, "बस माय. आमनासंगे खुडी तं देख."

ममता बसली ती दुपार कलेपर्यंत. मोजा घातला की देठ चिमटीत सापडेना. इथं मजुरी वजनावर. हात जरा अडखळला की दिवस बुडाला. मोजा काढला तर बोटं पेटल्यासारखी. काम करता करता दगूबाई सहज बोलून गेली, "घर गऊ का नातू पयत येस. पन त्याले हात लावता येत नही. लावा का रडस."

घरी आल्यावर ममतानं हात ताकात बुडवून ठेवले, तरी आग शमेना. हेमकांतनं भाकर कुस्करली, त्यावर उडदाची डाळ घातली आणि तिला घास भरवले. शेवटचा घास देताना त्यानं फक्त विचारलं, "उद्या परत जाशील?" ती हो म्हणाली.

आता तिनं अख्खा मोजा सोडून दिला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं तेवढी झाकली, आतून जुन्या सुती लुगड्याचं मऊ अस्तर लावलं, मनगटाला नाडी. दगूबाईनं तो दिवसभर घातला. संध्याकाळी एवढंच सांगितलं, की अंगठ्यात आवळतो. ममतानं तिथला टाका उसवून सैल केला. दुसऱ्या दिवशी दगूबाई आपण होऊन तिची वाट बघत होती. बहिणीसाठी आणखी एक जोड हवा होता. कमरेची पिशवी सोडून ती पैसे काढू लागली. ममता नको नको म्हणाली, तशी दगूबाईनं तिचा हात धरला.

"फुकट लिसू, मंग फाटनं तं तुले कशी बोलसू?"

ममताला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिनं पैसे घेतले. काल रात्री नातू कुशीत झोपला, हे दगूबाईनं त्याच बोलण्यात सांगितलं, पण जरा लाजून, हळू आवाजात.

त्यानंतर मागणी बायांकडूनच येऊ लागली. टेम्पो दारात थांबायचा. कुणाला भावजयीसाठी जोड हवा असायचा, कुणाला लेकीसाठी. एका व्यापाऱ्यानं स्वस्तातल्या कापडाचे एकदम भरपूर जोड मागितले. आधी बाया घालून बघतील, त्यांना चालले तर शिवीन, असं ममतानं सांगितलं. तो पुटपुटला, पण थांबला.

होळीच्या आधी मिरचीचं काम सरत आलं तेव्हा तिनं मशीन घेतलं, जुनंच, पण पायाचं. ते उजेडात हवं म्हणून हेमकांतनं खिडकीजवळची आपली खुर्ची उचलून दाराबाहेरच्या ओट्यावर नेली. आता तो पेपर तिथंच वाचतो, आणि आतून मशीनचा आवाज थांबला की चहा टाकायला उठतो.