घारीच्या शेजारची खुर्ची

मैदानावर त्याला सगळे घार म्हणत. फुटबॉलचा क्लब, तोही गरीब. मोठ्या क्लबांनी सोडून दिलेली, दुखापतीतून उठलेली, करार संपत आलेली पोरं स्वस्तात उचलायची, घडवायची आणि चढ्या भावाने विकायची, यावरच क्लबची चूल पेटायची. ती पोरं हेरायचा हा. त्याची रीत एकच होती. चेंडूकडे बघायचं नाही. "चेंडूमागे कुणीही पळतं," तो म्हणायचा, "चेंडू गेल्यावर कोण पळतं, ते सांगा."

आता त्याला फक्त चेंडूच दिसत होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काही आडपडदा ठेवला नव्हता. नजर कडेकडेने मिटत येणार, गेलेली परत यायची नाही. समोरचं अजून लखलखीत होतं, पण आजूबाजूचं जग कुणी पुसून नेल्यासारखं. मैदान दाराच्या फटीतून बघावं तसं दिसायचं. हे त्याने क्लबात कुणाला कळू दिलं नव्हतं. गेल्या हंगामात त्याने निवडलेले सगळे फसले. क्लब तळाला गेला. खालच्या गटात घसरला की जाहिरातदार पळणार, मग कुलूपच.

"या वेळी एकच घेता येईल," अध्यक्ष म्हणाले होते. "हाही वाया गेला तर तू घरी, मीही घरी."

म्हणून सामन्याला तो बायकोला घेऊन गेला. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"तो उंच पोरगा बघ. चेंडूकडे नको बघूस."

"मग काय, त्याची केशरचना बघू?"

"अगं, चेंडू लांब असताना तो काय करतो ते सांग."

ती बघत राहिली. "मागे वळून बघतोय. सारखा बघतो हो, कुणी पाठलाग करत असल्यासारखा."

तो खुर्चीत पुढे सरकला. आजूबाजूला कोण कुठे आहे ते हेरणारा खेळाडू! असाच तर हवा होता. "आणि चेंडू हिसकावला गेला की?"

ती क्षणभर गप्प राहिली. "पळाला. परत घ्यायला पळाला."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! मला डोळे नाहीत का?" बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

घरी येताना त्याला तिचं ते क्षणभर थांबणं आठवत राहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला कोणतं उत्तर हवंय हे तिला आवाजावरून कळायचं. तिने पाहिलं होतं, की त्याची दया आली होती? विचारायची हिंमत झाली नाही.

करार करायच्या दिवशी बायको बाहेरच्या बाकावर बसली. आत अध्यक्षांनी पेन उघडलं. "स्वतः पाहिलंस ना?"

"पाहिलं."

पोरगा आत आला. घार त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसला. चेहरा चांगला होता, थोडा घाबरलेला. तो तसाच हसत राहिला.

"घार," अध्यक्ष हळूच म्हणाले, "त्याने केव्हाचा हात पुढे केलाय."

त्याने मान खाली घातली, हात शोधला, दोन्ही हातांनी घट्ट धरला. तेवढ्यात पेनाला टोपण बसल्याचा आवाज झाला.

"साहेब, सही थांबवू नका," तो म्हणाला. पोराचा हात त्याने सोडला नव्हता. "माझी बायको बाहेर बसलीय. तिला विचारा. तिने पाहिलंय."