वेलची आणि त्र्यंबकचं नाव

पोस्टिंग उत्तर सीमेवर, काम वायरलेस ऑपरेटरचं. सकाळी ०९२० ला आमची जिप्सी दरीत गेली. चालवत होता नाईक त्र्यंबक क्षीरसागर, पाथरी तालुक्यातला, माझा जोडीदार. तो जागीच गेला. माझ्या डोक्याला मार लागला आणि जीभ जड झाली. डोक्यात शब्द कडक इस्त्रीचे, तोंडातून निघताना चोळामोळा.

पेन्शनीवर माझ्या गावी, पिंगळीला आलो. त्र्यंबकच्या गावी शाळेपुढं त्याची पुण्यतिथी होते. पहिल्याच वर्षी मला बोलायला उभं केलं. तोंड कोरडं पडू नये म्हणून मी अक्कल चालवली, दोन वेलच्या चघळत माईकपुढं गेलो. नाव घ्यायला गेलो, निघालं भलतंच.

"हवालदारसाब, मिलिटरी कॅन्टीनचा रमचा कोटा आला वाटतं!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. सरपंचांनी जवळ येऊन वास घेतला.

"वास झाकायला वेलची खाल्ली की वो! चला, बसा खाली."

मेंदूला मार लागलेल्या माणसाला दारुडा ठरवायला त्यांना दोन मिनिटं पुरली. मी थेंबाला शिवत नाही. माझ्या वाटची रमसुद्धा त्र्यंबकच प्यायचा. पण हे सांगायलाही जीभ लागते. त्र्यंबकची आई मान खाली घालून उठून गेली. तिच्या लेकाच्या नावाचं मी हसू केलं होतं.

परभणीला वाचा-उपचाराच्या मॅडमकडं गेलो. तिथंही मी परेडचा हुकूम सोडल्यासारखा एका दमात ओरडायचो.

"साहेब, वायरलेसवर असंच बोलायचात?"

"न्हाई. थोडं बोलायचं, बटण सोडायचं."

"मग इथंही सोडा."

तेव्हापासून रोज ०६०० ला गोठ्यात त्र्यंबकच्या नावाचा सराव. एक शब्द, श्वास, पुढचा शब्द. प्रत्येक अक्षराला मांडीवर एक बोट. महिन्याभरानं बायको म्हणाली, "शेळ्यासुदा नाव शिकल्या. तुमीच ऱ्हायलात."

यंदा पुन्हा गेलो. वेलची नाही. मी माईककडं निघताच सरपंच म्हणाले, "तुमी बसा, साहेब. कशाला तरास?"

बसलो नाही.

"मी पेलेलो न्हाई. डोक्याला. मार हाय. तुमी हसायला लागलात. तवा. त्याची आई. उठून गेली. आता. थांबा. आन ऐका."

कुणी हसलं नाही. बोट मांडीवर ठेवलं.

"नाईक. त्र्यंबक. क्षीरसागर."

पुढच्या रांगेतून त्याच्या आईनं मान वर केली.

"आनखी एकदा घे, बाबा."

घेतलं.